दाण्याचे वजन आणि पानाचे काम

शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण स्वयंपाकघरात खरी ठरते. शेतात मात्र ती नेहमीच पुरी पडते असे नाही. खळ्यावर पडलेली सोयाबीनची रास पाहून पीक चांगले आले की वाईट, एवढे सांगता येते. परंतु ते चांगले आले तर कोणत्या गुणामुळे आले, आणि पुढच्या पिढीत ते याहून चांगले येईल काय, या प्रश्नांची उत्तरे राशीत सापडत नाहीत. ती शोधण्यासाठी दाण्याकडून मागे जावे लागते : शेंगेकडे, फांदीकडे आणि शेवटी पानाकडे. कारण दाण्यात जे साठते, ते मुळात पानात तयार झालेले असते. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? पीकसुधारणेच्या शास्त्राने गेल्या शंभर वर्षांत पोहरा मोठा केला, दोरही बळकट केला. आडाकडे मात्र त्याने क्वचितच डोकावून पाहिले. सोयाबीनची हकीकत हेच सांगते. आणि आता पानाकडे लक्ष देण्याची वेळ आली आहे, हेही त्याच हकीकतीवरून दिसून येते.

पानाचे काम थोडक्यात असे आहे. पानाच्या पृष्ठभागावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. ही रंध्रे उघडली की हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू आत शिरतो. मुळांनी शोषलेले पाणी खोडातून पानापर्यंत चढते. पानातील हरितद्रव्य सूर्याचा प्रकाश टिपते, आणि त्या प्रकाशाच्या बळावर वायू व पाणी यांपासून साखर तयार होते. या क्रियेस प्रकाशसंश्लेषण असे नाव आहे. वायूचे कण धरून देण्याचे काम रुबिस्को नावाचे एक प्रथिन करते. हे प्रथिन मोठे संथ आहे. एका सेकंदात त्याच्या हातून अवघे दोन-चार कण धरले जातात. आणि पुष्कळदा ते कार्बन डायऑक्साइडऐवजी प्राणवायूच धरून बसते. ही चूक निस्तरण्यात रोपाची बरीच शक्ती खर्ची पडते. शिवाय ज्या रंध्रांतून वायू आत येतो, त्याच रंध्रांतून पाणी वाफ होऊन बाहेर जाते. वायू हवा तर पाणी द्यावे लागते, असा हा व्यवहार आहे. त्यामुळे सोयाबीन, गहू किंवा भात यांसारखी पिके सूर्यप्रकाशातील ऊर्जेपैकी जास्तीत जास्त साडेचार टक्क्यांच्या आसपास ऊर्जा आपल्या अंगी साठवू शकतील, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. प्रत्यक्ष शेतात त्यांना तेवढीही साधत नाही.

सोयाबीनचे मूळ घर चीन देश. त्याचा रानटी पूर्वज हा एक नाजूक वेल आहे. तो आजूबाजूच्या झुडपांवर चढतो आणि बारीक काळसर दाणे धरतो. चिनी शेतकऱ्यांनी हजारो वर्षे बी निवडून त्या वेलाचे झुडूप केले. अमेरिकेत हे बी १७६५ साली पोहोचले. परंतु तेथे बराच काळ त्याची लागवड मुख्यतः जनावरांच्या चाऱ्यासाठी होत असे. पुढे १९२९ ते १९३१ या काळात डॉर्सेट आणि मॉर्स हे दोन अमेरिकी संशोधक चीन, कोरिया व जपान या देशांत हिंडले आणि सोयाबीनचे हजारो नमुने घेऊन परतले. या नमुन्यांतून व आधी आलेल्या बियाण्यांतून पैदासकार शास्त्रज्ञांनी कामास सुरुवात केली. दोन चांगल्या रोपांचा संकर करावयाचा, त्यांची संतती पेरावयाची, प्रत्येक वाफ्यातील दाणे तोलावयाचे, आणि ज्याचा उतारा अधिक त्याचेच बी पुढे न्यावयाचे, अशी ती रीत. ही रीत साधी असली तरी तिला विलक्षण चिकाटी लागते. एक नवा वाण शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत दहा-बारा वर्षे सहज निघून जातात.

या चिकाटीचे फळ लहान नाही. १९२४ साली अमेरिकेत सोयाबीनचा सरासरी उतारा हेक्टरी सुमारे साडेसात क्विंटल होता. २०२१ साली तो ३४ क्विंटलांच्याही वर गेला. यात खतांचा, तणनाशकांचा, यंत्रांचा आणि वेळेवर पेरणीचा वाटा आहेच. पण बियाण्याचा वाटा किती, हे कसे ओळखावे? त्यासाठी इलिनॉय विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी एक युक्ती योजिली. १९२३ ते २००७ या काळात प्रसारित झालेले २४ वाण त्यांनी निवडले आणि ते एकाच शेतात, एकाच वेळी पेरले. जमीन तीच, पाऊस तोच, मशागतही तीच. म्हणजे आजोबा, पणजोबा आणि पणतू यांना एकाच पंक्तीस बसविण्यासारखे हे झाले. मग रोपांत जो फरक दिसेल तो केवळ बियाण्याचा. २०१४ साली या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. वाण जितका नवा, तितका त्याचा उतारा जास्त, असे त्यात स्पष्ट दिसले. दर वर्षाला हेक्टरी सरासरी साडेसव्वीस किलोग्रॅम, अशी ती वाढ होती.

ही वाढ कोणत्या वाटांनी आली, याचाही शोध त्यांनी घेतला. पहिली वाट ऊन अधिक धरण्याची. जुने वाण वाऱ्यापावसाने लोळत. लोळलेल्या पिकाची पाने एकमेकांखाली दबली जात आणि पुष्कळसे ऊन वाया जाई. नव्या वाणांचे खोड ताठ उभे राहते. शिवाय ते शेतात अधिक दिवस हिरवे राहतात, म्हणून त्यांच्या वाट्यास ऊनही अधिक येते. दुसरी वाट वाटणीची. रोपाने जे काही कमावले, त्यातील किती भाग खोडाला व फांद्यांना गेला आणि किती दाण्यांत उतरला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जुन्या वाणांत कुटार पुष्कळ आणि दाणे थोडे, अशी स्थिती होती. नव्या वाणांत पक्व रोपाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग दाण्यांचाच असतो. तिसरी वाट म्हणजे धरलेल्या उन्हाचे द्रव्यात रूपांतर करण्याची. नव्या वाणांनी तेथेही आघाडी घेतली होती.

ही तिसरी वाट पानातून जाते. तेव्हा पानाचे यंत्रच सुधारले असले पाहिजे, असे कोणासही वाटेल. शास्त्रज्ञांनी मात्र तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. लागोपाठ तीन वर्षे त्यांनी या २४ वाणांच्या पानांची तपासणी केली. पान किती वायू घेते, किती वाफ सोडते, हे त्यांनी सकाळपासून सायंकाळपर्यंत मोजले. २०१६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष मोठा विचार करण्यासारखा आहे. पानाची कमाल कार्यशक्ती ८० वर्षांत ठळकपणे बदललेलीच नव्हती. १९२३ च्या वाणाचे पान आणि २००७ च्या वाणाचे पान पूर्ण क्षमतेने कामास लावले, तर दोघांची धाव जवळजवळ सारखीच. मग नवे वाण दिवसभरात अधिक कमाई करीत ती कशी? ती कमाई रोजची नव्हती. जमिनीत भरपूर ओल असे आणि पर्णरंध्रे सताड उघडी राहत, मुख्यतः अशाच दिवशी ती दिसून येई. ओल कमी झाली की पणतूचे पान आणि पणजोबाचे पान यांत विशेष अंतर राहत नसे. याशिवाय हंगामाच्या अखेरीस नव्या वाणांच्या पानांत हरितद्रव्य अधिक टिकून राहते आणि भरावयाचे दाणेही जास्त असतात, अशी चिन्हे आढळली.

याचा अर्थ सरळ आहे. पैदासकारांनी पानाचे यंत्र बदलले नाही. त्याचे दार अधिक उघडे ठेवले आणि ते अधिक दिवस चालू ठेवले. आणि दार उघडे ठेवण्याची किंमत पाण्याने चुकवावी लागते.

यात पैदासकारांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांनी जे तोलले ते वाढले. जे तोललेच नाही ते जसेच्या तसे राहिले. दाणे तराजूत टाकता येतात. पानाचे काम मात्र घटकेघटकेला बदलते. ढग आला की ते मंदावते, वारा सुटला की बदलते, दुपारी वेगळे असते आणि सायंकाळी वेगळे. एका पानाचे नीट मोजमाप घेण्यास पुष्कळ मिनिटे लागत असत. मग हजारो रोपांतून चांगल्या पानाचे रोप निवडावे कसे? आणखी एक अडचण होती. अमेरिकेतील वाण थोड्याच घराण्यांतून उतरलेले आहेत. १९४७ ते १९८८ या काळातील सार्वजनिक वाणांची वंशावळ तपासली, तेव्हा त्यांच्या ९५ टक्के वारशाच्या मुळाशी अवघे ३५ पूर्वज आढळले. घरात जे नाही, ते निवडीने हाती येत नाही.

तथापि एखादी रीत आजवर फळली म्हणून ती उद्याही फळेल, असे समजणे शहाणपणाचे नव्हे. जुन्या वाटा आता संपत आल्या आहेत. पीक ताठ उभे राहू लागल्यावर ते याहून ताठ करून काही विशेष पदरी पडणार नाही. निम्म्याहून अधिक वजन दाण्यांत गेल्यावर वाटणीतही फार ओढाताण करता येत नाही; दाण्यांचा भार पेलण्यासाठी रोपाला खोड आणि पाने लागतातच. उरतो तो पानाचाच मार्ग, आणि त्याच मार्गावर आजवर सर्वांत कमी काम झाले आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने तर ही गोष्ट अधिकच निकडीची आहे. भारतातील सोयाबीनचा बहुतेक भाग मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन राज्ये पिकवितात; विदर्भ व मराठवाडा येथील लक्षावधी कुटुंबांचा वर्षाचा खर्च या पिकावर चालतो. अमेरिकी वाणांशी या पिकाचे नातेही जुने आहे. १९६० नंतरच्या दशकात पंतनगर आणि जबलपूर येथील कृषी विद्यापीठांनी इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने अमेरिकी वाणांची चाचणी घेतली, आणि तेथूनच भारतातील आधुनिक सोयाबीनची सुरुवात झाली. पुढे जबलपूरच्या विद्यापीठाचा १९९४ साली प्रसारित झालेला जे. एस. ३३५ हा वाण गावोगावी पोहोचला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेही अनेक वाण दिले. तरीही भारताचा सरासरी उतारा हेक्टरी १० क्विंटलांच्या आसपासच राहिला आहे.

याची कारणे अनेक आहेत. त्यांतील मोठे कारण पाऊस. इलिनॉयमधील शेतात पीक अधिक दिवस उभे ठेवून जो लाभ झाला, तो येथे सहजासहजी होणार नाही. मृगाचा किंवा आर्द्राचा पाऊस पडल्यावर पेरणी होते, आणि सुमारे शंभर दिवसांत पीक सोंगणीस यावे लागते. कारण पुढे पाऊस सरतो, आणि अनेकांना त्याच जमिनीत हरभरा पेरावयाचा असतो. रंध्रे अधिक उघडी ठेवून मिळणारा लाभही येथे बेभरवशाचा आहे. दाणे भरण्याच्या ऐन वेळी पावसाने पंधरा दिवस उघडीप दिली, तर पाण्याची उधळपट्टी करणारे पान काय कामाचे? म्हणजे दूरदेशी ज्या वाटांनी उतारा वाढला, त्यांतील काही वाटा येथील शेतकऱ्यास बंदच आहेत. त्याला हवे आहे ते थोड्या दिवसांत आणि थोड्या पाण्यात अधिक साखर तयार करणारे पान.

असे पान मिळणे शक्य आहे काय? दोन प्रयोगांनी या बाबतीत आशा दाखविली आहे. पहिला प्रयोग ऐकून प्रथम आश्चर्य वाटते. दाणे भरू लागल्यावर शास्त्रज्ञांनी सोयाबीनची नव्याने फुटणारी पाने तिसऱ्या हिश्श्याइतकी खुडून टाकली. उतारा घटेल असे कोणासही वाटले असते; परंतु तो सुमारे ८ टक्क्यांनी वाढला. २०१७ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कारण असे की, नव्या वाणांना गरजेपेक्षा जास्त पाने येतात. वरची पाने उन्हात न्हातात आणि खालची पाने सावलीत बसून साखर खातात. रानातल्या वेलाला शेजाऱ्याशी उन्हासाठी झुंजावे लागे आणि किडींनी खाल्लेली पाने भरून काढावी लागत; म्हणून त्याला जास्तीची पाने हवीच होती. शेतात ती झुंज उरली नाही, पण सवय मात्र राहिली.

दुसरा प्रयोग पानाच्या आतला आहे. ऊन फार तीव्र झाले म्हणजे पानाला इजा होऊ नये म्हणून ते जास्तीचा प्रकाश उष्णतेच्या रूपाने सोडून देते. ही तरतूद आवश्यकच आहे. परंतु ढग आला किंवा वरच्या पानाची सावली पडली, तरी पान लगेच सावध होत नाही; काही मिनिटे ते हाती आलेला प्रकाश तसाच उधळीत राहते. दिवसभरात सावल्या शेकडो वेळा हलतात, आणि हा तोटा थोडाथोडा करून मोठा होतो. इलिनॉयमधील शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातील एका लहान रोपाची तीन जनुके सोयाबीनमध्ये घातली, आणि त्यामुळे पान अधिक लवकर सावरू लागले. २०२० च्या हंगामात अशा आठ प्रकारांपैकी पाच प्रकारांचा उतारा सरासरी साडेचोवीस टक्क्यांनी वाढला; आणि दाण्यांतील प्रथिने व तेल यांचे प्रमाण घटले नाही. २०२१ च्या हंगामात मात्र वादळाने पीक लोळले आणि तशी स्पष्ट वाढ दिसली नाही. हे दोन्ही निकाल शास्त्रज्ञांनी २०२२ साली जगापुढे ठेवले. पहिल्या वर्षाच्या यशाइतकेच दुसऱ्या वर्षाचे अपयश उघडपणे सांगणे, हीच शास्त्राची रीत आहे. शिवाय त्या अपयशातही एक बोध आहे : पान कितीही हुशार असले तरी खोड ताठ नसेल तर त्याचा उपयोग नाही. जुन्या पैदासकारांची कमाई टाकून देऊन नव्यांना पुढे जाता येणार नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, पानाकडे न पाहताच जर उतारा एवढा वाढला, तर आता ही उठाठेव कशाला? त्याचे उत्तर वर आलेच आहे. न पाहता जेवढे मिळण्याजोगे होते, त्यातील बरेच मिळून चुकले. आणि जे मिळाले तेही ओलीच्या भरवशावर मिळाले. दुसरा आक्षेप असा की, एका रोपाची जनुके दुसऱ्यात घालणे धोक्याचे आहे. या शंकेला उपहासाने उडवून लावणे योग्य नव्हे. अशा सोयाबीनच्या लागवडीस भारतात परवानगी नाही, आणि पूर्ण तपासणी झाल्यावाचून ती देऊही नये. परंतु पानाची परीक्षा घेणे म्हणजे जनुके घालणेच, असे मात्र नाही. जगभरच्या बीजसंग्रहांत सोयाबीनचे हजारो नमुने जपून ठेवलेले आहेत. त्यांतील एखाद्या विसरलेल्या वाणाचे पान ढग आल्यावर लवकर सावरत असेल. एखाद्याला मुळातच मोजकी पाने येत असतील. एखादे थोड्या पाण्यात काम भागवीत असेल. असे गुण शोधून ते संकराच्या जुन्याच रीतीने नव्या वाणांत आणता येतील.

तिसरा आक्षेप मोजमापाच्या कष्टाचा आहे. तोही पूर्वीइतका खरा उरलेला नाही. पानावरून परावर्तित होणारा प्रकाश आणि पानातून निघणारा अतिमंद लाल प्रकाश तपासून पानाच्या प्रकृतीचा अंदाज आता थोड्या वेळात घेता येतो. तेव्हा साधन नाही, ही सबब पुढे करण्याचे दिवस राहिले नाहीत.

एकच माप धरून चालण्याचा धोका सोयाबीनने आणखी एका बाबतीत दाखवून दिला आहे. उतारा वाढविण्याच्या मागे लागल्यावर अमेरिकी वाणांच्या दाण्यांतील प्रथिनांचे प्रमाण हळूहळू काहीसे घटले. सोयाबीनची थोरवी ज्या प्रथिनांमुळे, त्यांतच थोडी तूट आली. कारण तराजूला दाण्याचे वजन कळते, दाण्यात काय आहे ते कळत नाही. उद्या पानाचेच एक माप धरून बाकी सारे विसरले, तर तीच चूक नव्या रूपाने होईल. म्हणून तराजू फेकून देण्याचे कारण नाही. त्याच्या जोडीला दुसरी मापे ठेवण्याचे कारण आहे.

नवा वाण शेतकऱ्याच्या हाती देताना त्याचा उतारा किती, तो किती दिवसांत पिकतो आणि कोणत्या रोगास तोंड देतो, हे आज सांगितले जाते. त्याचे पान एक पेला पाण्यात किती साखर करते, ढग सरकला की किती लवकर कामास लागते, आणि पावसाने उघडीप दिली तर किती दिवस तग धरते, हेही सांगितले गेले पाहिजे. ज्याच्या शेताला विहीर नाही, त्याच्या दृष्टीने ही माहिती उताऱ्याच्या आकड्याइतकीच मोलाची आहे. विशेषतः कोरडवाहू प्रदेशातील कृषी विद्यापीठांनी हे काम हाती घ्यावयास हवे. कारण ज्या प्रदेशाची गरज वेगळी, त्या प्रदेशानेच आपले वाण आपल्या कसोटीवर पारखून घेतले पाहिजेत. दाण्यांची रास ही वर्षाच्या शेवटी दिसते. पण ती रास कणाकणाने रचण्याचे काम प्रत्येक पान सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत रोज करीत असते. त्या कामाचा हिशेब ठेवल्यावाचून राशीचा हिशेब पुरा होणार नाही.